चंद्री आता धार देते

ती. अण्णा आणि सौ. आई यांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर अण्णांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला ते ऐकायच्या आधीच उत्तर देतात, म्हणून सगळं कागदावर लिहितेय. आईनं मोठ्यानं वाचून दाखवावं. मधेच थांबवून "तिला पाय बांध म्हणावं" असं अण्णांनी म्हणू नये. पाय बांधण्याचंही पुढं लिहिलंय.

पहिली गोष्ट, नवी आणलेली चंद्री गाय राहणार आहे. परत द्यायची नाही, बाजार दाखवायचा नाही.

हाळीच्या गुरांच्या बाजारात आम्ही फिरून आलो होतो, पण तिथून घ्यायची नाही हे माझं आधीच ठरलं होतं. बाजारात धार न काढता दूध तटवून आणलेली कास दिसते, गाय धार कशी देते ते दिसत नाही. चंद्री घेतली देवणीच्या पुढं सीमेलगतच्या एका वाडीतून, त्यांच्या दावणीवरून. संध्याकाळची धार बघितली, पाहुण्यांकडं मुक्काम केला, सकाळची बघितली आणि मगच पैशाचं बोललो. देवणी जातीतली वानेरा आहे, तोंडाच्या दोन्ही अंगांना काळी आणि बाकी सगळी पांढरी. दुसऱ्या वेताची, खाली वासरी. दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर सांगितलं त्यांनी. देवणी गाईच्या मानानं पटण्यासारखं होतं. दहा सांगितले असते तर मी चहा न घेता उठले असते. डॉक्टरांनी कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकून लम्पीची आणि लाळ्या-खुरकुताची लस झालीय का तेही बघितलं. 2022 साली लम्पीनं बाजार बंद पडले होते, ते दिवस आठवून मी याला सगळ्यात आधी महत्त्व दिलं.

तिथली म्हातारी तिच्या उजव्या अंगाला बसायची, काहीबाही पुटपुटत चरवी भरायची आणि उठायची. दोरी नाही, काठी नाही. गाय रवंथ करत उभी.

तीच गाय आमच्या दारात टेम्पोतून उतरली आणि ओळखू येईना. सासूबाईंनी पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कपाळाला कुंकू लावायला हात पुढं केला. तिनं असा हिसडा दिला की ताट उपडं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, खाली सांडलेलं कुंकू बोटानं टिपून वासरीला लावलं आणि आत गेल्या.

त्यात वेळ वाईट. सोयाबीन काढणीचे दिवस, शेजारच्या रानात मळणी यंत्र दिवसभर चालू. त्याचा आवाज वाढला की हिचे कान ताठ, शेपूट मांड्यांत दाबलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागायचा. शेण पातळ. गोठ्यावरचे पत्रे वाऱ्यानं वाजतात तेही तिला नवीन. म्हणून सुरुवातीला तिला गोठ्यात घातलंच नाही, परसात लिंबाखाली बांधली आणि वासरी तिच्या डोळ्यांसमोर ठेवली. हौदातलं पाणी हुंगून मान फिरवायची. तेव्हा अण्णांनी फोनवर सांगितलेलं केलं, पाटीत सरकीची पेंड कालवून पाणी पुढं ठेवलं. ते प्यायली. पुढं पेंड कमी कमी करत आणली, आता साधं पाणी पिते. अण्णा, ही युक्ती तुमची, हे आधीच कबूल करून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला राग कमी येईल.

कडबा मात्र मी त्यांच्याच घरचा मागून आणला होता, दोन पाचुंदे. ओळखीच्या वासाचा चारा तोंडाशी असला की जनावर मान खाली घालतं. एकदम आपलं भुसकट आणि हिरवा घास पुढं टाकला असता तर पोटही बिघडलं असतं. थोडा तिकडचा, थोडा आपला, असं मिसळत गेले. पेंड आणि तुरीची चुनी फक्त धारेच्या वेळी. इतर वेळी त्या पाटीचा आवाजसुद्धा तिला ऐकू देत नाही.

आता पाय बांधण्याचं. पहिल्याच संध्याकाळी हे धारेला बसले तर तिनं बादली उडवली. शेजारचे एक काका मदतीला धावले, "दोरी आणा, दोन मिनिटांत सरळ करतो" म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत मागचे दोन्ही पाय आवळले. चंद्रीनं पुढं झेप घेतली, पाय अडकले आणि ती कुशीवर आडवी झाली. कास खाली दबली नाही हे नशीब. दोरी सोडल्यावर उठली, पण थरथर कितीतरी वेळ थांबली नाही. धार वाटीभरसुद्धा नाही.

अण्णा, तुम्ही बांधत होता तेव्हा गाय घरचीच असायची, तुमच्या हातात वाढलेली. तिला दोरी ठाऊक होती आणि तुम्हीही. परक्या दारात आलेल्या, आधीच भ्यालेल्या गाईला दोरीनं लाथ मारता येणार नाही हे खरं, पण ती दूधही सोडणार नाही. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला गेले होते, तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. वासरू तोंड लावतं, ढुसण्या देतं, किंवा आपण कोमट पाण्यानं कास धुतो, तेव्हा गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं रसायन सुटतं, ते रक्तातून कासेत येतं आणि मग पान्हा उतरतो. मिनिटभरात सड भरून येतात. तो जोर पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार आटपायची. आणि गाय घाबरली, मार बसला, कुत्रं भुंकलं, की भीतीचं रसायन अंगात चढतं आणि तेच दूध वर अडवून धरतं. गाय दूध चोरते असं आपण म्हणतो. चोरत नसते बिचारी, तिच्या हातात नसतंच ते.

गावातल्या दोघांनी हळूच विचारलं, त्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणून देऊ का. मी नाही म्हणाले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं, तरी मिळतं कसं देव जाणे. आणि रोज सुई लावायची सवय लागली की पुढं बिनसुईची गाय पान्हवतच नाही.

तेव्हा आई, तुझंच केलं. "धारेचं नंतर बघ, आधी तिच्याजवळ बसायला शीक" असं तू म्हणाली होतीस. पहिले दिवस मी चरवी नेलीच नाही. वासरीला सोडायचं, पोटभर पिऊ द्यायचं, कास मोकळी करून घ्यायची. ते आवश्यकच होतं, नाहीतर दूध साचून कासेला दगडी, म्हणजे सूज, व्हायची भीती. वासरी पीत असताना मी खरारा घेऊन खांद्यापाशी उभी. आधी मान, मग पाठ, मग कूस. मागच्या पायाकडं हात गेला की कातडी थरथरायची, तिथं थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंपर्यंत. बोलत राहायचं. काय बोलायचं असा प्रश्न पडला तेव्हा मी तिला ओमचे पाढे म्हणून दाखवले.

एकोणतिसाचा मलाही येत नाही, तिनं तक्रार केली नाही.

बसायची बाजूही महत्त्वाची निघाली. यांना सवय डाव्या अंगाची. मला म्हातारी उजवीकडं बसलेली आठवली, म्हणून मी उजवीकडून गेले. फरक लगेच कळला. हे जवळ आले तरी चालतं, पण बसायला लागले की पाय उचलते. त्या घरात तिला पुरुषाच्या हातची धार माहीतच नसावी. आणि असंच आहे ना सगळीकडं? गाय पुरुष आणतात, तिच्यावर बोलतात पुरुष, धार बाई काढते. अण्णांनी इतक्या गाई आणल्या, विकल्या, त्यांच्या गोष्टी अजून सांगतात. पण कुठल्या गाईचा कुठला सड जड होता हे त्यांना विचारा, सांगता येणार नाही. आईला सगळ्यांचे आठवतात.

एक कोडं मात्र बरेच दिवस सुटेना. सकाळची धार बरी यायची, संध्याकाळी नुसता नाच. मग ओमच्या लक्षात आलं, संध्याकाळी मामा, म्हणजे आमचे सासरे, देवळातून येतात आणि काठी टेकत गोठ्याच्या तोंडाशी गंमत बघायला उभे राहतात. तिला मामांचं काही नव्हतं, भीती काठीची. कुणीतरी कधीतरी चांगलंच मारलं असणार, कदाचित पहिल्या मालकानं. मामांना सांगितलं तर मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का?" आता फाटकाबाहेर काठी ठेवतात, भिंतीचा आधार घेत आत येतात आणि तिला मुठीतला गूळ देतात. गूळ मला न विचारता दुप्पट झालाय. साखरेची गोळी रोज घेणाऱ्या माणसाच्या मुठीत इतका गूळ कशाला, याकडं सासूबाईंचं लक्ष आहे.

आता धारेची रीत अशी बसलीय. पाटीत खुराक ठेवायचा. कास कोमट पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायची. वासरीला सोडायचं, तिच्या ओठांना फेस आला आणि चंद्रीनं कान सैल सोडले की पान्हवली समजायचं. वासरीला ओढून तिच्याच तोंडापुढं बांधायचं, म्हणजे ती चाटत राहते. पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर, गाठी दिसतात का बघायला. मग मी उकिडवी, गुडघ्यांत चरवी, कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं. अंगाला लागून बसलं की पाय उचलायच्या आधी तिचं वजन दुसरीकडं सरकलेलं कळतं. लांब बसणाऱ्याला ते कळत नाही. गाईची लाथ मागं कमी, पुढं आणि बाहेर जास्त येते, त्यामुळं लांब बसणाऱ्याला लागतेही जोरात.

धार मुठीनं. इथं बायका अंगठा मुडपून ओढतात, त्यानं सडाला आतून इजा होते असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तू लहानपणी माझ्या बोटांवर टिचकी मारायचीस ती याचसाठी, हे आता कळलं. पुढचे सड सहज मुठीत येतात, मागचा डावा आखूड आहे, तो वासरीसाठी सोडते. धार झाली की सड औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि पुढं कडबा टाकायचा, अर्धा तास तिनं खाली बसू नये म्हणून. सडाची तोंडं तेवढा वेळ उघडी असतात.

सकाळी अडीच लिटर, संध्याकाळी दोनला थोडं कमी. वासरीचं सोडून. सांगितल्याच्या जवळपास आलं.

आणि दोरीचं म्हणाल तर दोरी मी टाकून दिलेली नाही. गोचिडाचं औषध लावताना आणि लस टोचताना लागतेच. तेव्हा हे आणि मी मिळून नीट अडकवतो. फक्त धारेच्या जागी ती आणायची नाही. अण्णांना हे पटणार नाही हे मला माहीत आहे. पटू नये. पण वसुबारसेला या आणि मुकाट्यानं शेजारी उभं राहून बघा. काठी फाटकाबाहेर, हा नियम तुम्हालाही लागू.

अण्णा, एक काम आहे. तिची म्होरकी नायलॉनची आहे, कानामागं घासून केस गेलेत. तुमच्या माळ्यावर अंबाडी असेल तर मऊ म्होरकी आणि एक दावं वळून ठेवा. बाजारात अंबाडीचं म्हणून जे देतात ते धुतल्यावर प्लास्टिक निघतं. मापासाठी सुतळी सोबत पाठवतेय, लाल गाठ कानामागची, दुसरी नाकावरची. घाई नाही, पण तुम्ही आजच बसाल हे ठाऊक आहे.

आई, तू गुडघे घेऊन धारेला बसायचा हट्ट करू नकोस. तुझ्यासाठी स्टूल ठेवते, वासरी धरायचं काम तुझं. ती आता दोरीसकट ओढून नेते, सांभाळून.

हे शनिवारी लातूरला जाताना तुमच्याकडं थांबतील. तुपाचा डबा पाठवतेय, पहिलं कढवलेलं देवापुढं ठेवलं, हे त्यानंतरचं. डबा परत देताना झाकणही दे. मागच्या डब्याचं झाकण तुझ्याच फडताळात आहे, लोणच्याच्या बरणीवर. मी दिवाळीत बघितलं होतं.

तुमची,
सुमन