वणव्याचे दिवस आलेत, घराभोवतीचं गवत काढा

मंडळी, यवतेश्वरच्या उतारावरचं गवत पार वाळलंय, दुपारचा वारापण सुटलाय, त्यामुळं डोंगराकडच्या सगळ्यांनी या रविवारच्या आत घराभोवती निदान ३० फूट गवत-पाचोळा साफ करा. कडब्याची गंजी, गोवऱ्या, सरपण भिंतीला लागून नको, ठिणगी उडाली की लगेच धरतं, आणि कौलांच्या फटीतला, पन्हाळीतला पाचोळापण काढा, तिकडं कुणी बघतच नाही. पाण्याचं बॅरल भरलेलं असू द्या. आधार, सातबारा, औषधं एका पिशवीत. आग दिसली की म्हातारी माणसं नि पोरं आधी बाहेर, गुरांची दावी सोडा, लगेच १०१ नाहीतर वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा. बांध पेटवू नका हो, कृपा करून. आणि एकट्यानं विझवायला वर जाऊ नका, आधी ग्रुपवर टाका.