तुरेवालीची खबर

ता. वाळवा, जि. सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या तुरेवाल्या कोंबडीचं काय झालं म्हणून फोनवर विचारलंस आणि रेंज गेली, म्हणून लिहूनच टाकते. तुरेवाली वाचली.

खालच्या उसाला तोड आली, फडातली मुंगसं बाहेर पडली आणि एकानं भर दुपारी बांधावर तिला धरलं. कुत्रं अंगावर गेलं म्हणून सुटली. पाठीची पिसं गेलेली, कातडं बोटभर फाटलेलं. आप्पा म्हणाले, "आता रश्श्यालाच घाल." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अशा वेळी जखमेपेक्षा माश्या आणि बाकीच्या कोंबड्याच जास्त घात करतात. लाल दिसलं की टोचत सुटतात, पोटच्या तलंगासुद्धा. म्हणून तिला डालग्याखाली झाकली, पण अंगणातच, सगळ्यांच्या समोर. आड नेऊन ठेवली असती, तर परत आल्यावर परकी म्हणून पुन्हा मार खाल्ला असता.

जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून जखम धुतली, वर बीटाडीन. हळद घरचीच आहे, पण आत भरली नाही. पुडीखाली पू झाला तर कळत नाही, आजी काही म्हणू देत. किडे पडायला नकोत म्हणून रोज पंखाखालीसुद्धा बघायचे.

पहिल्या रात्री गळ्याखालची पिशवी चाचपली तर नुसतं कातडं हाताला लागलं. शीटही हिरवी, पातळ, उपाशीपोटाची. गुळाचं पाणी चोचीच्या कडेला लावलं, तेवढं घेतलं. मग उकडलेलं अंडं कुस्करून दिलं (नाक मुरडू नकोस, आवडीनं खातात) आणि भिजवलेली ज्वारी. दुसऱ्या रात्री त्याच पिशवीत दाणे बोटांना लागले, तेव्हा मी निवांत जेवले.

डॉक्टरांनी औषध दिलं. ते चालू असताना आणि नंतरही काही दिवस तिचं अंडं खायचं नाही म्हणाले. अंडं घालतंय कोण! आधी पिसं येऊ देत.

खपली धरल्यावर अंधार पडताच हळूच खुराड्यात सोडली. अंधारात कोंबड्यांना फारसं दिसत नाही, भांडण होत नाही. सकाळी एकीनं टोच मारून बघितली, हिनं दुप्पट परत दिली.

दिवाळीला येताना बारीक भोकांची जाळी घेऊन ये. खुराड्याच्या दाराखाली फट आहे, मुंगसाला तेवढी पुरते. ठोकायची मात्र तूच, आप्पांचा खिळा वाकडाच जातो.

तुझी,
आई