शिवराईला मीठ लावू नकोस

कराड,
रविवार

चि. अमोघ यास अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता तू 'ठेवतो' म्हणालास आणि फोन ठेवलास. म्हणून लिहायला बसले. बाबा म्हणतात व्हॉट्सॲपवर टाक. एवढं लांबलचक तू खालपर्यंत वाचणार नाहीस हे त्यांना माहीत नाही, मला आहे. कागद हातात आला की निदान घडी तरी उघडतोस.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. आप्पांच्या डब्यातली ती शिवराई, तांब्याचं जुनं नाणं, तिची अर्धी बाजू हिरवट-काळी आणि अर्धी गुलाबी, सोललेल्या गुडघ्यासारखी. खाली तुझं, 'लिंबू-मीठ, फक्त पाच मिनिटं! आप्पांना हे सुचलं कसं नाही?' न सुचायला काय झालं? आपल्याकडे देवाची भांडी दर शनिवारी चिंचेनंच निघायची, ती आप्पांच्या डोळ्यांसमोरच ना. त्यांनी मुद्दाम केलं नाही.

मी ओरडायला नको होतं. पण आधी कामाचं लिहिते, बाकीचं मग.

त्या नाण्याला परत लिंबू लावू नकोस आणि तसंच डब्यात बाकीच्या नाण्यांत टाकू नकोस. लिंबानं वरचा थर गेला तो गेला, त्यावर आता बोलून उपयोग नाही. मला धास्ती मिठाची आहे. जुन्या तांब्याला बारीक बारीक खड्डे असतात. मिठातला क्लोराइड त्यांत जाऊन बसतो आणि तांब्याशी जुळून क्युप्रस क्लोराइड होतो. कोरड्यात तो गप्प पडून असतो. दमट हवा लागली की त्याची फिकट हिरवी भुकटी होते, सोबत ॲसिड सुटतं, ते आतलं चांगलं तांबं खातं आणि त्यातून पुन्हा तोच क्लोराइड. एकदा सुरू झालं की वरून काही न घालताही चालू राहतं. नाणी जमवणारे याला ब्राँझ डिसीज म्हणतात. प्रत्येक हिरव्या रंगाला घाबरायचं कारण नाही. थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो नाण्याला सांभाळतोच. लाकडी काडीनं टोकरल्यावर पिठासारखा सुटतो, तो फिकट हिरवा वाईट. आणि तुझ्या खोलीची मागची भिंत पावसाळ्यात ओली होते म्हणाला होतास. अजून तिथेच आहेस ना? की भाडं... असो.

डिस्टिल्ड वॉटर आण. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं, आणि घरच्या फिल्टरचंही नको. लॅबचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घे, झाकून ठेव आणि पाणी सुरुवातीला रोज बदल, नंतर दोन-तीन दिवसांनी. हे काम आठवड्याचं नाही, महिन्यांचं आहे. कधी थांबायचं ते नुसतं बघून कळत नाही. टाकायच्या पाण्यातलं थोडं टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं, डायल्यूट नायट्रिकचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून सुटतोय. बारावीच्या मुलांसाठी हे सगळं मी नोकरीभर मांडून दिलं, हाताला काळे डाग घेऊन घरी यायचे, आठवत असेल तुला. तू ते आणायच्या भानगडीत पडू नकोस. दर वेळचं थोडं पाणी बाटलीत काढून त्यावर तारीख घाल, बाकी मी बघते.

पाण्याचं काम संपलं की नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून काढायचं, म्हणजे फटींत अडकलेलं पाणी निघतं. साधं शुद्ध ॲसिटोन हं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि वास घातलेले असतात. खिडकी उघडी ठेव, गॅस बंद, उदबत्तीसुद्धा नको. मग टेबललॅम्पच्या उबेला वाळव. बोटांनी कडेला धर, मधोमध नाही, घामातही मीठच असतं. काही जण धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून त्यात भिजत ठेवतात. त्यानं क्लोराइड निघतो, पण वरच्या थराचा रंग बदलू शकतो, म्हणून तू सध्या त्या वाटेला जाऊ नकोस. गंज थांबवायला बेन्झोट्रायझोल वापरतात, ते तर घरात आणूच नकोस. ते विषारी आहे, लॅबमधल्या माणसांचं काम ते. बाबांनी यूट्यूबवर काहीतरी बघितलं आणि 'त्याला ऑलिव्ह तेलात महिनाभर ठेवायला सांग' म्हणाले. सांगितलं असं समज आणि करू नकोस. तेलातही आम्ल असतं, नाणं काळवंडतं. माती फारच घट्ट बसली असेल तर लिक्विड पॅराफिन बरं.

बघ, प्रॅक्टिकलचा तास झाला. तुला आवडत नाही माझं हे बोलणं, माहीत आहे मला. बाबासुद्धा म्हणतात की मी पोळी वाढतानाही सूचना वाढते. राग मानू नकोस.

मंगळवारी दुपारी अडीचला तू दुसऱ्याच रिंगला फोन उचललास. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. घरून काम असेल त्याचं, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

नाण्याचंच बोलते. तुला वाटतं हिरव्या थराखाली नवंकोरं नाणं झाकलेलं आहे, थर काढला की हाती लागेल. तसं नसतं रे. तांबं गंजतं ते स्वतःचंच अंग देऊन गंजतं. वरची अक्षरं, कडेचे ठिपके हे बरेचदा त्या थरातच उरलेले असतात. थर गेला की अक्षरंही त्याच्याबरोबर लिंबाच्या रसात. भांडं चिंचेनं घासावं, कारण भांड्याला जाडी असते आणि त्यावर वाचायचं काही नसतं. शिवराईवर वाचायचंच तर असतं. त्यात ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' पुरतं उमटलेलं नाणं मुळातच कमी सापडतं. कुठे 'श्री' अर्धी, कुठे 'व' कडेबाहेर, आणि मागच्या बाजूला 'छत्रपति'चीही तीच गत. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढे कितीतरी वर्षं ही नाणी पडत राहिली, पेशवाईत दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची शिवराई आली, ठिकठिकाणी अक्षरांचं वळण बदलत गेलं. जाणकार त्या वळणावरूनच नाणं ओळखतात. तू घासलेल्या बाजूला 'राजा'चे काने शिल्लक आहेत का ते मला फोटोत दिसेना. भिंगातून पाहून सांग.

हे मी तुला सांगतेय, हेच खरं तर नवल. तुला अक्षरओळख झाली ती पाटीवर नाही, शिवराईवर. आप्पा वर्तमानपत्र पसरून दिव्याखाली नाणी मांडायचे आणि तुझं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे. बालवाडीच्या बाईंनी पाटीवर 'श्री' काढायला सांगितली तर तू तिच्याभोवती गोल ठिपके काढून आलास. बाईंनी मला बोलावून घेतलं, हे काय म्हणून. मी काय सांगणार? आप्पांना सांगितलं तर ते पुढचा आठवडाभर येईल-जाईल त्याला ती पाटी दाखवत होते, पुसू देईनात. शनिवारी तुला घेऊन भंगार-मोडीच्या दुकानात जायचे. शिवराया तिथे तांब्याच्या भावानं किलोवर यायच्या आणि वितळायला जायच्या. आप्पा पोत्यापाशी बसून निवडायचे आणि पेन्शनमधले पैसे तिथे घालून यायचे. आजी म्हणायची, एवढ्या तांब्यात बंब झाला असता.

नाशिकला गेला होतात तेव्हा ते तुला अंजनेरीला घेऊन गेले, नाण्यांच्या अभ्यासाची ती संस्था आहे तिथे, १९८० सालची. तू तिथल्या सरांना विचारलंस म्हणे, की राजा बदलला की जुन्या राजाचे पैसे चालायचे का. परतीच्या एसटीत आप्पांनी शेजारच्या माणसाला हे सांगितलं, सातारा स्टँडवर चहावाल्याला सांगितलं आणि घरी आल्यावर चपला न काढता मला सांगितलं. तो डबा त्यांनी तुझ्या नावानं ठेवला तो काही तू एकुलता नातू म्हणून नाही. सुधीरदादाला ते अजून लागतं, आणि वहिनी गौरीच्या जेवणात जे बोलली त्याचं मूळ तेच आहे. तू मनावर घेऊ नकोस.

विकायचा विचार नसेलच. पण असेल तर हेही ऐकून ठेव. ज्याला नाण्यातलं कळतं तो चकाकी बघून भाव पाडतो. नाण्यांना ग्रेड देणाऱ्या कंपन्या घासलेल्या नाण्यावर तसा शेरा मारतात आणि त्याला साधा ग्रेडसुद्धा देत नाहीत. म्हणजे मळकं होतं तेव्हा जे मिळालं असतं तेही तू पाच मिनिटांत घालवणार. आणि इन्स्टाग्रामवर कुणी परदेशातून भाव सांगत असेल तर दूर राहा. शंभर वर्षांपुढचं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे, कुरियरनं गेलं तरी तो गुन्हाच. शिवाय आपल्या डब्यात बऱ्याच दुदांडी आहेत आणि त्या काही दुर्मिळ नाहीत. त्यावर कुणाचं कर्ज फिटत नाही.

कर्ज हे सहज लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलं की तू उजेडात धरून नेमकं तेच वाचशील.

राणीछाप रुपयांना तरी अजून हात लावला नसशील. ते काळे पडलेत ते गंधकानं. हवेतला असतो थोडा, रबरबँडमध्ये असतो, लोकरीत असतो. चांदीवरचा असा जुना, सगळीकडे सारखा बसलेला काळपटपणा हवाहवासा वाटणारे लोक आहेत, त्याला त्या बाजारात मान आहे. सराफाकडचं बुडवून काढायचं द्रावण नको, ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा प्रयोगही नको. एका रुपयावर राणीच्या मुकुटाच्या खाचेत कुंकू दिसेल. तो आपला लक्ष्मीपूजनाचा. ११.६६ ग्रॅम, बरोबर जुना तोळाभर. आप्पांच्या आईच्या वेळेपासून दर दिवाळीला पंचामृतात न्हालाय. ते कुंकू डिस्टिल्ड पाण्यात भिजवून टूथपिकनं निघेल, पण काढू नकोस. आणि तो एक विकायचा नाही. बाकीच्यांचं तुझं तू ठरव, मी आड येणार नाही. येणार नाही असं लिहितेय खरं.

फोटोत मागे नवा अल्बम दिसला, पारदर्शक कप्प्यांचा. उघडल्यावर रेग्झिनसारखा वास येतो का? येत असेल तर तो पीव्हीसीचा आहे, त्यात नाणी ठेवू नकोस. काही काळानं नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. लवकर लक्षात आला तर ॲसिटोननं निघतो, उशीर झाला तर खाली खड्डे पडलेले असतात. कागदाची पाकिटं किंवा मायलर नावाच्या प्लास्टिकची घे. आप्पा डब्यात शाळेतले खडूचे तुकडे ठेवायचे ते ओल शोषायला. तू सिलिका जेल ठेव. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, डब्यातला आकडा चाळिसाच्या आत राहिला तर तो क्लोराइड उठत नाही. महाग असेल तर राहू दे, मी घेऊन येते.

शिरवळच्या वेळी तू आम्हाला तीन महिने कळू दिलं नव्हतंस. रोज डबा घेऊन निघायचास. त्याबद्दल मी कधी बोलले नाही आणि आजही बोलणार नव्हते. प्राजक्ताला मी काही विचारलेलं नाही, तिची शपथ घालून तिच्याकडून काढून घेणं मला जमलं असतं, पण नाही केलं. तू हुशार आहेस, कष्टाला कमी नाहीस, हे मी लोकांना सांगत असते, तुला सांगायचं राहून जातं. फक्त तुझी एक खोड आहे, नीट दिसेपर्यंत दाखवायचं नाही. ती कुणाकडून आली ते बाबांना विचार.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि भिंग आणते. तोपर्यंत ते नाणं पाण्यात राहू दे. सोबत कडबोळी आणते, या वेळी तिखट कमी घातलंय.

तुझी
आई

ता. क. बाबांची पोस्टातली आरडी या महिन्यात पुरी होतेय आणि तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. नोकरी आहे की नाही, एका शब्दात कळव. बाबांना मी सांगणार नाही.