घरात फिनिश नवरा असताना क्लास कशाला?

ताम्पेरे, फिनलंड

प्रिय चिंगे,

तुझा मेसेज वाचून खूप हसले. ‘चोवीस तास घरात फिनिश माणूस, मग पैसे भरून फिनिश भाषेचा क्लास कशाला लावलास?’ आईसुद्धा दर रविवारी फोनवर हेच विचारते. मेसेजमध्ये उत्तर मावेना, म्हणून हे पत्र.

मला सांग, ‘पाणी’चं ‘पाणीत’ न होता ‘पाण्यात’ का होतं, असं उद्या एखाद्या परक्या माणसाने विचारलं तर तू काय सांगशील? ‘असंच म्हणतात’ म्हणून मोकळी होशील. माझा नवराही तेच करतो. फिनिशमध्ये पाणी म्हणजे ‘वेसी’, आणि पाण्यात म्हणायचं तर ‘वेदेस्सॅ’. हा ‘द’ मधेच कुठून उपटला? तो खांदे उडवतो. ‘वेसिस्सॅ’ म्हटलं की मात्र तोंड वाकडं करतो, कारण त्याच्या कानाला ते खटकतं. चूक पकडण्यात तरबेज, पण कारण विचारायची सोय नाही.

कारण क्लासमध्ये कळलं. शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं मूळ रूप बदलतं. बाईंनी फळ्यावर हे लिहिलं आणि मला शाळेतलं सामान्यरूप आठवलं! फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत म्हणून सगळे घाबरवतात, पण घाबरावं ते इंग्रजीतून शिकणाऱ्यांनी. घर म्हणजे ‘तालो’. घरात ‘तालोस्सा’, घरातून ‘तालोस्ता’. आपण जन्मभर दुसरं काय करत आलोय? त्यांच्याकडे नकाराचंही क्रियापद चालतं. आपलं मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. त्यांचं एन, एत, एइवॅत. ‘माझ्याकडे सायकल आहे’ याची रचनाही आपल्यासारखीच, मालकी दाखवायला वेगळं क्रियापद नाही. दोन भाषांचं दूरदूरचंही नातं नाही (फिनिशची भावंडं म्हणजे एस्टोनियन, आणि लांबची हंगेरियन), तरी मी मनात इंग्रजीऐवजी मराठीतून भाषांतर करायला लागले आणि वाक्यं भराभर जुळायला लागली.

उच्चारांचं मात्र अर्धंच जमतं. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा आणि ‘तुल्ली’ म्हणजे जकात. ‘तुल्ली’ मला पहिल्या झटक्यात आलं, पता आणि पत्ता यांतला फरक आपल्या जिभेला माहीतच आहे. पण ऱ्हस्व-दीर्घ आपण फक्त वहीत पाळतो, बोलताना कोण पाळतं? इथे तो बोलतानाच पाळावा लागतो. शिवाय उ म्हणायला ओठांचा चंबू करून आतून ई म्हणायचं, असाही एक स्वर आहे. तो मी आंघोळ करताना घोटते.

आणि जिथे मराठीही हात टेकते, ते कर्माचं प्रकरण. फिनिशमध्ये भविष्यकाळ नाही. ‘लुएन किर्याआ’ म्हणजे मी पुस्तक वाचतेय. ‘लुएन किर्यान’ म्हणजे पूर्ण वाचून काढेन. क्रियापद तेच, काम पुरं होणार की नाही हे पुस्तकाच्या प्रत्ययावरून ओळखायचं. यावरून रात्री अकरापर्यंत आमचा वाद. तो उदाहरणावर उदाहरण देतो, सगळी बरोबर, आणि नियम एकही नाही. गावांचंही तसंच. हेलसिंकी‘त’ राहायचं, पण ताम्पेरे‘वर’! का? ‘असंच म्हणतात.’

पण खरी अडचण व्याकरणाची नाही गं. आम्ही भेटलो इंग्रजीत, प्रेमात पडलो इंग्रजीत, लग्नाआधीची भांडणंही इंग्रजीत. घराची भाषा एकदा ठरली की ती हलवणं फार कठीण. रात्रीच्या जेवणाला फक्त फिनिश, असा नियम केला. जेमतेम ताटं वाढून होईपर्यंत टिकतो. त्याला ऑफिसातलं काही सांगायचं असतं, मला ‘बटाटे छान आहेत’च्या पुढे जाता येत नाही. मग तो सावकाश, शब्द तोडून बोलायला लागतो आणि मला राग येतो. बायकोशी बालवाडीतल्या मुलासारखं कोण बोलतं? वेगाने बोलला तर पुस्तकातलं काहीच उरत नाही. ‘मिनॅ ओलेन’चं ‘मॅ ओओन’ होतं. मी क्लासमधलं शुद्ध बोलले की म्हणतो, बातम्या लागल्यासारखं वाटतं.

मला खऱ्या अर्थाने बोलायला शिकवतायत त्या सासूबाई. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे सुटका नाही. जूनअखेरीला युहान्नुसच्या सणाला आम्ही तळ्याकाठच्या त्यांच्या कॉटेजवर होतो. रात्री अकरालाही उजेड, वाफेच्या आंघोळीची सौना तापलेली, जेवायला हेरिंग मासा आणि नवे बटाटे, त्यावर शेपू. (हो, शेपू. तू उपाशी राहिली असतीस.) मला कळलं नाही तर त्या सोपं करत नाहीत, तेच वाक्य पुन्हा म्हणतात, शांतपणे, कितीही वेळा. आणि पटलं की श्वास आत ओढत ‘यो’ म्हणतात. पहिल्यांदा वाटलं, त्यांना उचकी लागली. आता माझ्याही तोंडून तसंच निघतं, परवा आईशी बोलताना निघालं तर ती दचकली.

नागरिकत्वासाठी सहापैकी तिसऱ्या पातळीची परीक्षा द्यावी लागते, ती पुढे बघू. तोवर क्लास चालू राहणार, आणि नवऱ्याचं काम एवढंच की चुकलं तिथे तोंड वाकडं करायचं. ‘का’ विचारायचं नाही, असं मी ठरवलंय. आमचे संबंध त्यामुळे बरेच सुधारलेत.

एक काम कर. आईकडे माळ्यावर माझं शाळेचं व्याकरणाचं पुस्तक असेल. प्रथमा ते संबोधन, विभक्तींच्या तक्त्याचा फोटो काढून पाठव. इतक्या विभक्ती फक्त त्यांच्याकडेच, या तोऱ्यात आहे तो. आपल्या आठच भरतात हे ठाऊक आहे मला, पण ‘स-ला-ते’ त्याच्याकडून पाठ करून घेणार आहे.

काकूंना नमस्कार. आणि या वेळी खरंच पत्र लिही, व्हॉइस नोट नको.

तुझी,
मनी