पाळी कधी आली होती, एवढं विचारा

महोदय,

खानापूर, निपाणीकडे अंग दुखलं की बाया मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळी आणतात. दिवस गेलेत हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसतं. पोटातल्या जिवाचे अवयव घडत असतात, तेव्हाच औषध जास्त बाधतं. उंदरिणीत हे अवयव-घडणीचे दिवस गाभण राहिल्यापासून साधारण 6 ते 15. त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला तर पिल्लांची टाळू दुभंगते, कवटी उघडी राहते. माणसात हा काळ गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. पाळी चुकल्याचं ध्यानात येईतो तो सुरूही झालेला असतो. आणि उंदीर निभावला म्हणजे बाळ सुखरूप, असंही नाही! थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीने उंदरांच्या पिल्लांना फारसं काही झालं नव्हतं. माणसांची हजारो मुलं मात्र खुंटलेल्या हातापायांनी जन्मली. मेडिकलवाल्यांनी गोळी देण्याआधी पाळीचं विचारावं, ही कळकळीची विनंती. दिवस गेले म्हणून फिटची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

— एक वाचक, खानापूर