बायोफिजिक्सची वाट धरायची तर

म्युनिक

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

एमएस्सीनंतर बायोफिजिक्समध्ये, म्हणजे सजीवांतल्या घडामोडी भौतिकशास्त्राने मोजण्याच्या शाखेत, संशोधन करावं का, असं तू विचारलंस. दादाला पगाराची काळजी आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेरून फक्त लेसर दिसतो.

ऑप्टिकल ट्वीझर्सचंच, म्हणजे प्रकाशाच्या चिमट्याचंच घे. याच तंत्रासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. लेसर एका बिंदूवर एकवटून त्यात १ मायक्रोमीटर व्यासाचा पॉलिस्टायरीनचा मणी अडकवायचा आणि मण्याला चिकटलेलं प्रथिन किती जोराने ओढतं ते मोजायचं. कायनेसिन, म्हणजे पेशीत सामान वाहून नेणारं प्रथिन, ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालतं आणि ६-७ पिकोन्यूटनचा विरोध झाला की थांबतं. लेसर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा घेतात. त्या तरंगलांबीला पाणी फार तापत नाही आणि प्रथिनंही त्यातल्या त्यात कमी बिघडतात.

पण आठवड्याचा बराच वेळ जातो तो काचा धुण्यात. कव्हरस्लिप (नमुन्यावरच्या पातळ काचा) पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि इथेनॉलच्या द्रावणात सोनिकेट करायच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून स्वच्छ करायच्या, शुद्ध पाण्याने खळखळून धुवायच्या, मग केसीन या दुधातल्या प्रथिनाचा थर द्यायचा. थर नीट बसला नाही की मणी काचेला चिकटतो आणि दिवस वाया जातो. प्रकाशात प्रथिनं बिघडवणारा ऑक्सिजन काढायला ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर घालतात. त्यातून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं, सामू हळूहळू उतरतो आणि तासाभरात प्रथिन मंदावलं की नवख्याला वाटतं काहीतरी शोध लागला! खोलीचा एसी चालू-बंद झाला तरी आरशांचे स्टँड किंचित हलतात, आणि ८ नॅनोमीटरपुढे ते किंचितही फार.

कॅलिब्रेशन, म्हणजे लेसरचा सापळा मण्याला किती घट्ट धरतो ते ठरवणं, मात्र कुणावर सोपवू नये. २० अंशांच्या पाण्यात, काचेपासून दूर असलेल्या १ मायक्रोमीटरच्या मण्यासाठी सापळ्याची कडकपणा-संख्या (मणी एक नॅनोमीटर सरकवायला लागणारा जोर) ०.०५ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर असेल, तर पॉवर स्पेक्ट्रमची, म्हणजे मण्याच्या थरथरीच्या वारंवारतेनुसार काढलेल्या आलेखाची, कोपरा-वारंवारता (जिथून आलेख खाली उतरू लागतो) साधारण ८५० हर्ट्झ येते. मण्याचं केंद्र काचेपासून एका व्यासावर आणलं की काचेला समांतर हालचालीचा ओढ-गुणांक, म्हणजे पाण्याचा विरोध, एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. ही दुरुस्ती विसरली, तर पुढचे सगळे जोर चुकतात आणि आलेख मात्र सुंदर दिसतात.

हे आवडेल का, ते बडोद्यातच तपासून बघ. सयाजीराव विद्यापीठात तुमच्या विभागात कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप मिळाला तर त्याच १ मायक्रोमीटरच्या मण्यांचं पातळ द्रावण स्लाइडवर घे आणि कडा नेलपॉलिशने बंद कर. दूध वापरू नकोस, त्यातले स्निग्धकण लहानमोठे असतात. मण्यांचा व्हिडिओ घेऊन पायथनमध्ये त्यांचा माग काढ आणि सरासरी वर्ग-विस्थापन (मणी किती सरकले त्याच्या वर्गाची सरासरी) काळाविरुद्ध मांड. रेष सरळ आली पाहिजे. वर वळू लागली तर कड गळते आहे, पाणी वाहतं आहे. २५ अंशांना विसरण-गुणांक, म्हणजे मणी पसरण्याचा वेग सांगणारा आकडा, साधारण ०.५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद येईल. तुमच्याकडे मे महिन्यात ४० अंशांना तोच सुमारे ४० टक्क्यांनी जास्त येतो, कारण पाणी पातळ होतं. तेव्हा तापमान लिहून ठेवच, खोलीचं नव्हे, स्लाइडजवळचं. यातून बोल्ट्झमनचा स्थिरांक (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) काढता आला आणि कुठे किती चूक आहे हे सांगता आलं, तर मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ते वजनदार ठरेल.

आता दादासाठी. भारतात सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. जेस्ट आणि गेट या प्रवेशपरीक्षाही दे. मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची एनसीबीएस, पुण्याची आयसर, या सगळ्या संशोधन संस्थांत या विषयाचं काम चालतं. जर्मनीत पीएचडी ही बहुधा नोकरीच असते, पण करार बऱ्याचदा ६५ टक्क्यांचा आणि काम पूर्ण दिवसाचं. विद्यापीठातले मुदतीचे करार साधारणपणे पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षांपलीकडे जात नाहीत. प्राध्यापकपदं मोजकीच आहेत; बरेच जण पुढे मायक्रोस्कोप बनवणाऱ्या किंवा औषधांच्या कंपन्यांत जातात. त्यात कमीपणा काही नाही, उलट पोटापाण्याची सोय तिथे चांगली.

पैसा कुणाचा आणि अट काय, हे आधी विचारावं. आपल्या बडोदा संस्थानाने १९१३ साली आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हाही शिष्यवृत्तीसोबत दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. प्राध्यापकांना विचार: अनुदान किती वर्षांचं उरलंय, उपकरण उभं आहे की उभारायचंय, मागचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले. उपकरण उभारायचं असेल तर एक वर्ष जास्त धर. मागच्या विद्यार्थ्यांशी थेट बोलू देत नसतील, तर तिथे जाऊ नकोस.

अर्जाचं पत्र एका पानात लिही, त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातल्याच एखाद्या आकृतीबद्दल प्रश्न विचार. पाठवण्याआधी मसुदा मला धाड. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या