ओझं कमरेवर नको, कुल्ल्यांवर घे

जळगाव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

केळीची कापणी लागली की तुझी कंबर धरते, हे वाचून जीव तुटला रे. कमरेत ताकद कमी पडते का, असं तू विचारलंस. कमी नाही पडत. उलट दुसऱ्यांच्या वाट्याचं कामही तीच ओढते आहे.

आधी एक लक्षात घे. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून त्यांच्या जोड्या असतात. दंडाच्या पुढचा बायसेप्स कोपर वाकवतो, मागचा ट्रायसेप्स ते सरळ करतो. मांडीच्या पुढचा चार मुळांचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मागचे हॅमस्ट्रिंग तो वाकवतात आणि मांडी मागेही ओढतात.

शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू कुल्ल्याचा, ग्लुटिअस मॅक्सिमस. वाकलेलं धड मांड्यांवर उभं करणं हे त्याचं खरं काम. खुर्चीवर बस, तळहात कुल्ल्यावर ठेव आणि उठ. हाताखाली तो घट्ट होताना कळेल. मग हात कण्याच्या दोन्ही बाजूंना लाव. तिथे दोन उभे दोर लागतात, ते इरेक्टर स्पायनी. कणा ताठ धरून ठेवणं एवढंच त्यांच्याकडून घ्यायचं.

आता हिशेब बघ. घड २५ किलोचा धरू. गुडघे ताठ ठेवून वाकलास की तो कण्यापासून साधारण ५० सेंटिमीटर पुढे जातो. पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे नुसत्या घडासाठी त्यांना दहापट, अडीचशे किलोची ओढ लावावी लागते, वर धडाचं वजन वेगळंच. घड पोटाशी, २५ सेंटिमीटरवर आणलास की ही ओढ निम्म्यावर येते. कंबर वाचते ती इथे.

तर पाय खांद्याएवढे फाकव, घडाच्या अगदी जवळ जा, कुल्ले मागे ने आणि गुडघे वाकव. पोट आवळ. पोटात खोलवर पट्ट्यासारखा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस स्नायू आवळला की कण्याला आधार मिळतो. टाचा जमिनीत दाबत ऊठ. वळायचं तर पावलं टाकून वळ. घड हातात घेऊन कंबर पिळलीस की उसण भरायची भीती असते. खांद्यावर नेताना दुसऱ्या बाजूचे कमरेचे स्नायू तुला सरळ धरतात, म्हणून दर खेपेला खांदा बदल.

तू ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसतोस, त्याचंही बघायला हवं. सोअस नावाचा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला लागतो. बसून बसून तो आखडला की उभं राहिल्यावर कंबर पुढे ओढतो. एक गुडघा जमिनीवर टेकव, दुसरा पाय पुढे ठेव, कुल्ला आवळून पुढे सरक. दोन्ही बाजूंना ३० सेकंद.

कुल्ल्यांसाठी रोज उताणं झोप, गुडघे वाकव आणि कुल्ले वर उचल. ५ सेकंद धर. असं १० वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा आला तर पाय लांब पडले आहेत, टाचा कुल्ल्यांजवळ आण. कमरेत ताण आला तर गरजेपेक्षा वर गेलास, थोडा खाली ये.

पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढ.

नव्या मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते आपोआप जातं. पण कळ गुडघ्याखाली उतरली, पाऊल बधिर झालं किंवा उचलेनासं झालं, तर मालिश-शेक करत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. लघवीवरचा ताबा सुटला तर तासभरही थांबायचं नाही, थेट दवाखाना.

पंधरा दिवस करून बघ आणि कुठे अडतं ते लिही. घड उचलताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांग, तोही पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा मित्र